मधल्या दिव्याखालची सावली

४ मार्च

भुंग्या,

आशीर्वाद घे. पत्र उशिरा लिहिते आहे म्हणून रागावू नकोस. या वेळी उशीर व्हायला कारणही तसंच आहे.

हे खुर्चीतून उठले. छापखाना बंद पडल्यापासून हा माणूस मागच्या खिडकीशी बसून अंगणाच्या भिंतीकडे बघत होता, ते तू पाहून गेलासच. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. घरात एक ऐकू न येणारी बाई आणि एक न बोलणारा माणूस, जोडी अगदी जमलेली. तर गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाले, "अंधार पडला की ही भिंत दिसेनाशी होते. हिच्यावर दिवे लावू या."

मी नाही कशाला म्हणेन? चंद्र लावू या म्हणाले असते तरी शिडी धरली असती.

सगळं स्वतः केलं. पाणसळ लावून पेन्सिलीने खुणा केल्या, शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणलं, विटांची लाल धूळ मिशांत घेऊन चार दिवस वावरले. वायर पाइपातून नेली, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून दिव्यांच्या मागे रबराच्या चकत्या बसवल्या. शेवटची जोडणी तेवढी वायरमनने केली. तो म्हणाला, काका, धंदा सुरू करा. त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन दिवे आहेत, डोक्याच्या उंचीवर. उजेड समोर न पडता भिंतीला चिकटून वर आणि खाली जातो. आपलं एवढंसं फरशीचं अंगण, पण आता कुणा मोठ्या माणसाचं वाटतं. मधल्या दिव्याची तर मजाच आहे. त्याचा उजेड खाली कमरेपर्यंत येतो, तिथे चंद्रकोरीसारखा साचतो आणि त्याखाली एकदम काळी सावली. शेजारीण म्हणाली, मुद्दाम केलंत का, छान दिसतंय. मी ह्यांना म्हटलं, तुमच्यासारखं भिंतीलाही पोट सुटलंय. हे हसले. किती दिवसांनी हसले, भुंग्या.

पलीकडच्या मोकळ्या जागेत मोठी इमारत व्हायची आहे. खणायचं काम चालू आहे आणि माती सगळी आपल्या भिंतीला टेकवून टाकली आहे. ढीग भिंतीवरून डोकावतो. धुळीने कपडे खराब होतात, बाकी त्रास नाही.

जेवत जा. डोंगरातली हवा तुला मानवत नाही.

तुझी ताई


१५ मार्च

ताई,

नमस्कार. तुझं पत्र रेशनच्या गाडीबरोबर परवा आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाऊजी हसले म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्या सावलीसाठी.

घाबरू नकोस, पण नीट वाच. मी इथे काय करतो तुला माहीत आहे. बोगद्याच्या तोंडाशी डोंगर खाली येऊ नये म्हणून भिंती बांधतो. मुकादमाला दुसरं काही येवो न येवो, भिंत कळते. सरळ भिंतीवर खालपर्यंत सारखा उजेड पडतो. मधेच अडला, तर तिथे भिंत पुढे आली आहे. तू थट्टेत म्हणालीस तेच खरं आहे. आम्हीही त्याला भिंतीला पोट आलं असंच म्हणतो, फक्त म्हणताना कुणी हसत नाही.

आपली भिंत हद्द दाखवायला बांधलेली आहे, माती अडवायला नाही. मागचा ढीग तिला ढकलतो आहे. एक काम कर. दिवे लागल्यावर त्या सावलीची वरची कड जिथे असेल तिथे खडूने रेघ मार, लांब हाताने, भिंतीजवळ रेंगाळू नकोस. आठ दिवसांनी सावली रेघेवरच आहे की हलली ते बघून लगेच कळव. आणि हे पत्र भाऊजींना दाखव.

काल पाण्याच्या टाकीपर्यंत डोंगर चढून फोन केला होता, तिथेच काय ती रेंज येते. भाऊजींनी उचलला. "सगळं झकास आहे, ताई मजेत आहे," म्हणाले आणि फोन बंद झाला. मला एक अक्षर बोलता आलं नाही.

तुझा भुंग्या


२४ मार्च

भुंग्या,

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलेलं नाही. आधी ऐकून घे, मग रागव.

तू म्हणतोस तसं असेल, तर हे पहिल्यांदा काय म्हणतील? माझ्या हाताला यश नाही म्हणतील. छापखान्याचं शटर मालकाने ओढलं, तरी हे वर्षभर म्हणत होते की मीच यंत्र नीट सांभाळलं नाही. आता कुठे सकाळी दाढी करतात, दिव्यांच्या काचा पुसतात, संध्याकाळी स्वतः बटण दाबतात. तो माणूस मी परत खुर्चीत कसा बसवू?

रेघ मारली होती. हे अंघोळीला गेल्यावर मारली, चांगली ठळक. चार दिवसांनी बघते तर रेघच नाही. धुळीने गेली असेल किंवा खडू ओला असेल. म्हणजे सावली हलली की नाही ते मला सांगता येत नाही. मला तरी होती तशीच वाटते. तू दिवसभर भिंतीच बघतोस, तुला सगळीकडे त्या पडतानाच दिसणार.

ह्यांचं एक नवीनच खूळ आहे. भिंतीलगतची कपड्यांची दोरी काढून टाकली. म्हणतात, कपडे वाळत घातले की उजेडाची शोभा जाते. मला कपडे पुढच्या कठड्यावर घालायला लावतात, कुंड्याही तिथून हलवल्या. मी कुरकुर केली, पण मनातून बरं वाटलं. कशाचं तरी वेड लागलं हे काय कमी आहे?

तू ह्यांना काही लिहू नकोस. माझी शपथ आहे.

ताई


२६ मार्च

प्रिय मेहुणेबुवा,

मी पत्र लिहितोय हे बघून तुला धक्का बसेल. ताई बाजारात गेली आहे, ती यायच्या आत पेटीत टाकायचं आहे. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ विचारतो.

मागच्या अंगणाची भिंत फुगली आहे. दिवे लावले त्याच रात्री मला दिसलं. ताई चंद्रकोर म्हणाली तेव्हा मी हसलो, दुसरं काय करणार होतो? दुसऱ्या दिवशी ओळंबा सोडून पाहिला. दोरी मधे भिंतीला टेकते आणि खाली भिंतीपासून चार बोटं लांब लोंबते. आता चाराची पाच झाली आहेत.

मला जे विचारायचं आहे ते असं. मधल्या दिव्याच्या जागी भोक पाडताना वीट फुटली. मी शेजारी दुसरं पाडलं, ते वाकडं गेलं. मग तिसरं. ड्रिल जोरात दाबून धरलं होतं. भिंत त्यामुळे गेली का? तुझा हा धंदा आहे. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, असेल ते लिही.

पलीकडे जाऊन त्यांच्या सुपरवायझरला भेटलो. खुर्ची दिली, पाणी दिलं, ढीग पुढच्या आठवड्यात उचलतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात गेलो, तर तेच पाणी आणि तेच वाक्य.

ताई तिथे जाऊ नये म्हणून दोरी काढली, कुंड्या हलवल्या. मधे कुणीतरी भिंतीवर खडूची रेघ मारली होती, पोरांचंच काम असणार. पण सावली त्या रेघेच्या चांगली वर सरकलेली दिसायला लागली. ताईच्या लक्षात आलं असतं म्हणून पुसून टाकली. तुझा फोन आला तेव्हाही ती समोर उभी राहून माझे ओठ बघत होती, म्हणून ठेवून दिला.

तिला वाटतंय मी बरा झालो. इतक्या दिवसांनी एक काम हातात घेतलं आणि भिंतच मोडून ठेवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिला यातलं काही कळवू नकोस.

तुझा भाऊजी


६ एप्रिल

ताई आणि भाऊजी,

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा. पाकिटावर मुद्दाम दोघांची नावं घातली आहेत.

तुम्ही दोघांनी वेगवेगळं मला गप्प राहायला सांगितलं. दोघांची पत्रं एकाच गाडीने आली. मी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. आता माझ्याने गप्प बसवत नाही.

भाऊजी, ती रेघ पोरांनी नाही, ताईने मारली होती. ताई, ती धुळीने गेली नाही, भाऊजींनी पुसली. दोघांनाही सगळं माहीत आहे.

भाऊजी, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. बोटाएवढ्या तीन भोकांनी भिंत फुगत नाही. तिच्या पाठीवर डोंगर रचला म्हणून ती फुगली आहे. दिवे नसते तर कुणाला कळलंही नसतं. मी कामगारांना जे तोंडावर सांगतो तेच लिहिलं आहे, यात मेहुणेपणा नाही.

आता दोघांनी ऐका. अंगणात कुणीही पाऊल टाकायचं नाही. ओळंबा सोडायलाही नाही, काचा पुसायलाही नाही. बांधकामाच्या सरकारी ऑफिसात लेखी तक्रार द्या. रात्रीचा फोटो काढून जोडा. आणि ढीग हटेपर्यंत कुठेतरी दुसरीकडे राहायला जा. माती कोरडी आहे तोवर भिंत दम धरेल. पाऊस झाला तर मातीचं वजन किती वाढेल सांगता येत नाही.

मी निघालोच होतो. आमच्या खालचा रस्ता खचला आहे. रेशनची गाडी पलीकडच्या खोऱ्यातून वळसा घालून येते आणि त्यात माणसं घेत नाहीत. साहेबाला दोनदा विचारलं. रस्ता सुरू झाला की तूच पहिला जा, म्हणाला. तो तरी काय करणार?

भुंग्या


१८ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. रेघेपाशी आले आणि थांबले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "तुम्हाला?" मग मला हसूच फुटलं आणि हसता हसता रडू. हे उठून आत गेले. भोकांबद्दल लिहिलंस तो भाग नंतर एकट्याने वाचला. पत्र खिशात ठेवलं आहे, मला परत देत नाहीत.

तक्रार दिली. तीनदा खेटे घातल्यावर एक तरुण अधिकारी आला, तोही भर दुपारी. स्वयंपाकघराच्या दारातून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, मला तर सरळ दिसते. दुपारी ती सरळच दिसते रे, आम्हालाही दिसते. ह्यांनी रात्रीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, फोटोत सावली कशीही पाडता येते. हे ओळंबा घेऊन अंगणात निघाले, तर मीच ह्यांची बाही धरली. तुम्ही मोजा म्हटलं, तर तो म्हणाला, तक्रारीत तुम्हीच लिहिलंय जवळ जाणं धोक्याचं आहे, मग मी कसा जाऊ? ह्यांनी हात जोडून सांगितलं की अंधार पडल्यावर पाच मिनिटं या, चहा घ्या, दिवे लावतो, तुमच्या डोळ्यांनी बघा. आमचं ऑफिस पाचला सुटतं, म्हणाला. माणूस वाईट नव्हता. जाताना बूट घालताना मला म्हणाला, काकू, काळजी घ्या. मी ओठांवरून वाचलं. काळजी कशी घ्यायची ते मात्र सांगितलं नाही.

सुपरवायझर बदलला. नवा म्हणतो, मला जुन्याने काही सांगितलेलं नाही.

दुसरीकडे जा म्हणतोस. कुठे जाऊ? नणंदेच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं. तरी चार दिवस राहून आलो. हे रोज संध्याकाळी भिंत बघायला इकडे यायचे, मग मी म्हटलं त्यापेक्षा घरीच राहू. बिछाना पुढच्या खोलीत आणला आहे. मागच्या दाराला कडी घातली आहे. अंधार पडला की हे आतूनच बटण दाबतात आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसतात. तीच खुर्ची. मी हाक मारत नाही. काय म्हणून हाक मारू?

तुझी ताई


२७ एप्रिल

ताई,

इथे कालपासून पाऊस लागला आहे. तुमच्याकडे आला का? आला असेल तर हे पत्र वाचून होताच घराबाहेर पडा. नणंदेकडे जमिनीवर झोपा. भाऊजी ऐकत नसतील तर दंडाला धरून न्या.

टाकीपाशी तीन वेळा गेलो. फोन लागत नाही.

मी एवढ्या भिंती बांधल्या. तुमच्या भिंतीला लावायला माझ्याकडे कागदाशिवाय काही नाही.

भुंग्या


३ मे

प्रिय भुंग्या,

ताईच्या दहाही बोटांना पट्ट्या आहेत, म्हणून हे पत्र मी लिहितो आहे. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, हे आधी वाच. तुझं सत्तावीसचं पत्र काल मिळालं.

भिंत गेल्या बुधवारी पडली. सोमवारपासून पाऊस होता. बुधवारी दुपारी ताईचा डोळा लागला होता. तिला उठवायचं जिवावर आलं, म्हणून न सांगताच छत्री घेऊन ऑफिसात गेलो. म्हटलं, पावसात भिजत एक म्हातारा आला तर कुणाला तरी दया येईल. बाकावर बसवलं. साहेब बैठकीत आहेत म्हणाले. साहेब आलेच नाहीत, तेव्हा निघून आलो.

घरात शिरलो तर मागून वारा येत होता. मागचं दार कडीसकट आत ढकललेलं. भिंतीचा मधला सगळा भाग गेला होता आणि माती स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आली होती. त्या चिखलावर ताई गुडघ्यांवर बसून हातांनी खणत होती.

तिला भिंत पडल्याचं ऐकू आलं नाही. जमीन हादरली म्हणून ती उठली. मी कुठल्याच खोलीत दिसलो नाही आणि मागचं दार उघडं. तिने काय समजायचं ते समजली.

मी पायरीवरून हाक मारली. ती काही अंतरावरच होती, पाठमोरी. मी नाव घेऊन ओरडलो, जे आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. ती खणत राहिली. थोडं खणायची, मग थांबायची आणि वाकून मातीला कान लावायची. भुंग्या, जिला मी कानाशी ओरडलो तरी ऐकू येत नाही, ती मातीला कान लावत होती. मग परत खणायची. शेजारचे लोक त्यांच्या गच्चीवरून तिला खुणा करत होते, पण ती मान वर करत नव्हती.

मला तिच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. मागून खांद्यावर हात ठेवला, तर तिने वळून न बघता झटकला. म्हणाली, "सोडा मला. हे खाली आहेत."

मी तिच्यासमोर जाऊन चिखलात बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, परत खाली मातीकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मग तसाच भरलेला हात माझ्या तोंडावरून फिरवला. नखं गेली होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. तो तरुण अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि भिंत पडलेली आढळली असं लिहून घेतलं. लिहिताना त्याचा चेहरा उतरला होता, त्याला रागावून बोलावंसं मला वाटलं नाही. सुपरवायझर म्हणतो, माती तुमच्या हद्दीत आली म्हणजे ती आता तुमची. तीनही दिवे खाली गेले. त्याचं मला काही नाही. भिंत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातून थेट त्यांचा खड्डा दिसतो. त्यात पाणी साचलं आहे.

ताई आता मला नजरेआड होऊ देत नाही. दूध आणायला गेलो तर फाटकात उभी राहते. घरातच असलो तरी मधूनच येते, खांद्याला हात लावून बघते आणि परत जाते. दिवसातून कितीदा तरी. मी तिथेच बसून राहतो, म्हणजे तिला शोधावं लागत नाही. तिला डॉक्टरकडे न्यावं का, की असंच ओसरेल, मला समजत नाही. कुणाला विचारावं तेही समजत नाही.

रस्ता सुरू झाला असं वर्तमानपत्रात होतं. आता येऊन तू तरी काय करणार? भिंत तर पडून गेली. ताई आत्ताच म्हणाली, त्याला लिहा, काम सोडून येऊ नकोस. आत गेली, परत आली, माझ्या खांद्याला हात लावला आणि विचारलं, लिहिलंत का? मी म्हटलं, लिहिलं.

तरी ये.

तुझा भाऊजी